खुब्याची दुर्बीण केली की पुढे काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या उजव्या खुब्याची हिप आर्थ्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन, झाली तेव्हा मी ३८ वर्षांचा होतो, बॅडमिंटनवाला, आठवड्यातून चार दिवस पहाटे कोर्टवर. तेव्हापासून ओळखीतल्या कुणाच्याही जांघेत दुखलं की त्याला माझा नंबर दिला जातो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच बसून लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, पण त्या काळात जेवढे रिसर्च पेपर वाचले तेवढं इंजिनियरिंगला असताना वाचलं असतं तर केटी लागली नसती. तुमच्या सांध्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या, हे फक्त त्यांच्याकडे जाताना डोक्यात काय असावं त्यासाठी.

गुडघ्याची दुर्बीण ऐकलीये, खुब्याची पण असते का?

असते, फक्त ती गुडघ्यापेक्षा फार उशिरा रुळली. खुबा खोल सांधा आहे, मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत घट्ट बसलेला आणि वरून स्नायूंचे थर. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्मन नावाच्या डॉक्टरांनी मृतदेहांवर प्रयोग केले आणि गोळा आणि वाटीच्या मधे साधी सुई घालणंही अशक्य आहे असं लिहून ठेवलं. आता भूल देऊन पाय ट्रॅक्शन टेबलवर खेचतात, गोळा वाटीपासून साधारण १ सेंटीमीटर लांब जातो, आणि एक्सरे बघत बघत दोन-तीन बारीक भोकांतून दुर्बीण आणि हत्यारं आत जातात.

आत काय करतात हे कळायला आधी बिघाड कळायला हवा. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या गांझ या सर्जननी आणि त्यांच्या टीमनी २००३ मध्ये मांडलं की बऱ्याच तरुण लोकांचा खुबा झिजतो तो हाडाच्या आकारामुळे. गोळा जिथे मानेला जोडतो तिथे एक उंचवटा असतो (कॅम) किंवा वाटीची कड जास्तच पुढे आलेली असते (पिन्सर), बऱ्याच जणांना दोन्ही थोडं थोडं असतं, आणि पाय जोरात दुमडला की हाडावर हाड आपटतं. याला इम्पिंजमेंट म्हणतात, शॉर्टमध्ये एफएआय. वाटीच्या कडेला लेब्रम नावाची एक रबरी रिंग असते, प्रेशर कुकरच्या रिंगसारखीच समजा, आतलं वंगण धरून ठेवते. आपटून आपटून ती रिंग फाटते आणि शेजारची कूर्चा सोलवटते. ऑपरेशनमध्ये उंचवटा घासून गोलाई परत आणतात आणि रिंग बारीक अँकर लावून कडेला शिवतात.

एमआरआयमध्ये लेब्रल टेअर (ती रिंग फाटलेली) आलंय, म्हणजे ऑपरेशन ठरलंच ना?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा रात्री ११ नंतर येतो, रिपोर्ट हातात पडल्या पडल्या.

ज्यांचं काहीच दुखत नाही अशा ४५ लोकांचे खुब्याचे एमआरआय काढले होते एका अभ्यासात, २०१२ मध्ये छापून आला, तर त्यातल्या ६९ टक्के लोकांचं लेब्रम फाटलेलं निघालं! आणि कॅमचा उंचवटा? २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, न दुखणाऱ्या लोकांमध्येच, साध्या माणसांत २३ टक्के आणि खेळाडूंमध्ये जवळपास ५५ टक्के खुब्यांत तो सापडला. वाढीच्या वयात, म्हणजे हाडाची वाढीची पट्टी बंद व्हायच्या आधी, जी पोरं फुटबॉल, आइस हॉकी, बास्केटबॉल असलं दणकून खेळतात त्यांच्यात तो जास्त तयार होतो हे आता बऱ्यापैकी मान्य आहे. म्हणजे रिपोर्टमधला फोटो हा नुसता फोटो आहे. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिकला जगभरचे तज्ज्ञ बसले आणि त्यांनी ठरवलं की आजार म्हणायचा असेल तर तीन गोष्टी एकत्र हव्यात, त्रास, तपासणीत सापडणाऱ्या खुणा, आणि फोटो. नुसत्या तिसऱ्यावर कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसरीकडे दाखवा.

जांघेतलं दुखणं कमरेतून येऊ शकतं, मांडीच्या आतल्या स्नायूचं असू शकतं, हर्नियाचं असू शकतं. माझ्या वेळी सांध्यात भुलीचं इंजेक्शन देऊन पाहिलं होतं. दोन तास मी जिने चढ-उतर करत होतो आणि काहीच दुखत नव्हतं, तेव्हा कुठे खात्री पटली की कळ सांध्यातूनच येतेय. इंजेक्शनने काडीचाही फरक पडला नाही तर ऑपरेशननेही पडेल याची आशा कमी असते.

ऑपरेशनने जास्त फरक पडतो की फिजिओने? खरं सांगा

खरं उत्तर असं की सरासरी काढली तर ऑपरेशन पुढे आहे, पण लोकांना वाटतं तेवढं नाही.

ब्रिटनमध्ये फॅशन नावाची ट्रायल झाली (नाव असंच आहे, मी काय करू), २०१८ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आली. २३ हॉस्पिटलं, ३४८ पेशंट, चिठ्ठी टाकल्यासारखं अर्ध्यांना ऑपरेशन आणि अर्ध्यांना नीट आखलेली फिजिओथेरपी. खुब्याचा त्रास मोजायला आयहॉट-३३ नावाची प्रश्नावली आहे, ० ते १००, जास्त म्हणजे चांगलं. वर्षभराने ऑपरेशनवाले ५८.८ वर आणि फिजिओवाले ४९.७ वर. सुरुवातीचे आकडे वगैरे जुळवून घेतल्यावर फरक उरला ६.८ चा, आणि माणसाला जाणवेल असा फरक साधारण ६ चा धरतात. म्हणजे फरक जाणवतो, जेमतेम.

पण मला दुसरीच गोष्ट खटकली होती. ५८.८! १०० पैकी! ऑपरेशन होऊन वर्ष झालेल्या लोकांची ही सरासरी आहे. सुरुवात ४० गुणांच्या खालून झाली होती त्यामुळे सुधारणा भरपूर आहे, प्रश्नच नाही, पण "एकदम नवीन खुबा" हे जे आपल्या डोक्यात असतं ना, ते नाहीये हे. मला कुणी हा आकडा आधी दाखवला असता तर पहिले सहा महिने मी स्वतःवर एवढा चिडलो नसतो.

दुसरी ट्रायल फेट, तीही ब्रिटनचीच, २०१९, २२२ पेशंट. तिथे फरक जरा मोठा, रोजच्या हालचालींच्या १०० च्या स्केलवर १० चा. पण त्यातही जाणवेल एवढी सुधारणा ऑपरेशनवाल्यांत ५१ टक्क्यांना झाली आणि फिजिओवाल्यांत ३२ टक्क्यांना. याला दोन्ही बाजूंनी वाचता येतं. ऑपरेशन करून निम्म्यांनाच नीट फरक पडला असंही, आणि नुसत्या व्यायामाने तिघांतल्या एकाचं काम झालं असंही.

तिसरी अमेरिकन सैन्यातल्या ८० लोकांवरची, तिच्यात दोन वर्षांनी काहीच फरक निघाला नाही. पण गंमत अशी की फिजिओच्या गटातल्या ७० टक्के लोकांनी मधेच जाऊन ऑपरेशन करून घेतलं, मग तुलना कशाची कशाशी करणार. लोक या ट्रायलचं नाव घेऊन भांडतात तेव्हा हा भाग सोयीस्कर विसरतात.

म्हणून माझं मत, आधी तीन महिने तरी मन लावून फिजिओ. मन लावून म्हणजे शेकून मशीन लावून घरी येणं नाही, कंबर आणि कुल्ल्याचे स्नायू घाम येईपर्यंत मजबूत करणं. नाही जमलं तर ऑपरेशन आहेच, आणि केलेला व्यायाम नंतरही कामाला येतो.

आत काही केल्याने बरं वाटतं की ऑपरेशन झालं या समाधानानेच?

हा प्रश्न आमच्या ग्रुपमधल्या एका फार्मावाल्याने विचारला, आणि प्रश्न चांगला आहे. कॅनडा, फिनलंड आणि डेन्मार्कमध्ये मिळून २२० जणांची एक ट्रायल झाली, २०२१ मध्ये आली. एका गटात उंचवटा घासला, दुसऱ्या गटात सांधा नुसता धुतला, लेब्रम शिवायची गरज वाटली तर दोन्हीकडे शिवलं. १२ महिन्यांनी दुखणं दोन्ही गटांत जवळपास सारखंच कमी झालेलं! पण २ वर्षांत परत ऑपरेशन करायची वेळ धुतलेल्या गटात बऱ्याच जास्त लोकांवर आली. म्हणजे थोडं समाधानाचंही असेल, थोडं विश्रांती आणि फिजिओचं, पण उंचवटा काढण्यालाही अर्थ आहे असं मी समजतो.

खेळाडू परत खेळतात का? आमच्या कोचने सांगितलं ९० टक्के खेळतात

कोच खोटं बोलत नाहीयेत, पण "परत खेळणं" म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं नाही. इथे जरा थांबून वाचा कारण सगळी गोम इथेच आहे.

अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे ८७-८८ टक्क्यांच्या आसपास येतात, परत खेळात उतरलेले. मला पण हाच आकडा सांगितला होता, मी पण हाच आकडा बायकोला सांगितला होता. मग डेन्मार्कच्या लोकांनी १८ ते ३० वयाच्या १८९ खेळाडूंना जरा खोदून विचारलं. दुखापतीच्या आधी जो खेळ ज्या लेव्हलला खेळत होतात तोच त्याच लेव्हलला खेळताय का? हो म्हणाले ५७ टक्के. आणि आधीसारखाच उत्तम खेळ होतोय का? एकूण खेळाडूंतले फक्त १७ टक्के. ही पोरं तिशीच्या आतली आहेत हे लक्षात घ्या, माझ्यासारखी चाळिशीची वाट बघणारी नाहीत.

८७, ५७ आणि १७, तिन्ही आकडे बरोबर आहेत. कोर्टवर पाय ठेवला की पहिल्यात मोजले जाता. मी स्वतः पहिल्यात आहे. डबल्स खेळतो, सिंगल्स सोडलं, कारण नेटच्या कोपऱ्यात लंज मारून परत मागे यायचं म्हटलं की तिसऱ्या गेमला खुबा आठवण करून देतो. कुणी सर्व्हेमध्ये विचारलं "खेळता का?" तर मी हो म्हणणार, आणि ते खरंच असेल.

आणखी एक, व्यावसायिक खेळाडूंचे आकडे साध्या हौशी लोकांपेक्षा चांगले दिसतात. त्यांच्याकडे रोजचा फिजिओ असतो, वय कमी असतं आणि परत येण्याला पगार असतो. आपल्याकडे सोसायटीची जिम आणि सकाळी साडेनऊची मीटिंग.

मोठ्या खेळाडूंपैकी कुणाचं झालंय? त्यांचं काय झालं?

इथे सगळ्या प्रकारचे शेवट बघायला मिळतात म्हणून हे आवडीने सांगतो.

ब्राझीलचा गुगा, गुस्ताव्हो कुएर्टन, तीन वेळा फ्रेंच ओपन जिंकलेला. २००२ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलला खुब्याची आर्थ्रोस्कोपी झाली. तो परत आला, जिंकलाही, २००४ च्या फ्रेंच ओपनला तर तेव्हा जगात पहिल्या नंबरवर असलेल्या फेडररला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. पण त्याच वर्षी परत ऑपरेशन करावं लागलं, आणि मग तो जुना गुगा कधीच दिसला नाही, २००८ मध्ये रिटायर.

बेसबॉलचा अॅलेक्स रॉड्रिगेझ. मार्च २००९ मध्ये उजवा खुबा, दोन महिन्यांत मैदानावर, आणि आल्या आल्या पहिल्याच बॉलवर होम रन, त्या वर्षी त्याच्या यँकीजनी वर्ल्ड सिरीज पण जिंकली. लोक हेच उदाहरण देतात. २०१३ मध्ये डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र परतायला ऑगस्ट उजाडला, ते कुणी सांगत नाही.

अँडी मरे, जानेवारी २०१८, मेलबर्नला आर्थ्रोस्कोपी. जूनमध्ये परतला पण दुखणं गेलं नाही, मोजे घालताना पण दुखतं असं तो सांगायचा, पुढच्या जानेवारीत पत्रकारांसमोर रडला बिचारा. मग त्याच महिन्यात लंडनमध्ये हिप रिसरफेसिंग, म्हणजे गोळ्यावर धातूची टोपी, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये अँटवर्पची सिंगल्स स्पर्धा जिंकला. बास्केटबॉलचा आयझेया थॉमस त्याच वाटेने गेला, २०१८ मध्ये आर्थ्रोस्कोपी, २०२० मध्ये रिसरफेसिंग. दोघांच्या सांध्यात दुर्बिणीने सुटण्याच्या पलीकडे नुकसान झालेलं असावं हे आपल्याला आता मागे वळून बघताना दिसतं.

नदालचं जून २०२३ मध्ये ३७ व्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री बार्सिलोनाला झालं, ते मुख्यतः खुब्यासमोरच्या सोआस स्नायूचं होतं, लेब्रमची जुनी जखमही तेव्हाच दुरुस्त केली. जानेवारी २०२४ ला परतला, नोव्हेंबरला निवृत्त. त्यात खुबा किती आणि वय किती, कोण सांगणार.

माझं वय ५४ आहे, करू का?

वयापेक्षा एक्सरे महत्त्वाचा, पण वय आणि एक्सरे हातात हात घालून चालतात. गोळा आणि वाटीमधली फट २ मिलीमीटरपेक्षा कमी झाली असेल तर दुर्बिणीचे निकाल वाईट, हे कोलोरॅडोचे सर्जन फिलिपॉन यांच्या टीमनी २००९ पासून सांगितलंय आणि इतरांनाही तेच दिसलंय. अमेरिकेत ७,३५१ लोकांची नोंद तपासली तर २ वर्षांच्या आत ११.७ टक्के लोकांना खुबा बदलावा लागला. पण याची फोड बघा, ४० च्या आतल्यांत ३ टक्के आणि ६० ते ६९ मधल्यांत ३५ टक्के. तिघांतला एक! म्हणजे एका ऑपरेशनचा खर्च, कुबड्या, सहा महिने, आणि वर परत मोठं ऑपरेशन.

एक काका माझ्यावर रागावले होते हे सांगितल्यावर, म्हणाले डॉक्टरांनी तर साफसफाई करून देतो म्हणून सांगितलंय. झिजलेल्या सांध्याची साफसफाई हे ऐकायला फार छान वाटतं. काकांना म्हटलं, फट किती मिलीमीटर आहे ते विचारून या आणि मग ठरवा. ५४ व्या वर्षी फट छान शाबूत असेल आणि नेमका त्रास असेल तर चांगले निकाल येऊ शकतात, येतातही. फट गेली असेल तर खुबा बदलण्याबद्दल बोलावं, ते ऑपरेशन बदनाम आहे विनाकारण.

मला एव्हीएन सांगितलंय, दुर्बिणीने होईल का?

हा वेगळा आजार. एव्हीएनमध्ये गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, स्टेरॉइड आणि दारू ही मोठी कारणं, कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या बऱ्याच लोकांना आपल्याकडे झाला. त्याचे उपाय स्टेजवर ठरतात आणि ते वर लिहिलेल्यातले नाहीत. इथले आकडे त्याला लावू नका.

तसंच वाटी उथळ असेल, म्हणजे डिस्प्लेसिया, तर नुसती दुर्बीण करून उलट सांधा सैल पडू शकतो. वाटी गोळ्याला किती झाकते त्याचा एक कोन एक्सरेवर मोजतात, २० अंशांच्या खाली असेल तर बहुतेक सर्जन नुसत्या दुर्बिणीला नाही म्हणतात, २० ते २५ ही वादाची जागा. अंगाने फार लवचिक असणाऱ्या मुलींनी, भरतनाट्यम किंवा जिम्नॅस्टिक्सवाल्यांनी, हा कोन विचारल्याशिवाय उठू नये.

मांडी घालून बसता येईल का? भारतीय संडास?

परदेशी पेपरांत हे सापडणार नाही म्हणून स्वतःचं आणि फिजिओकडून ऐकलेलं सांगतो. खुबा आपटतो तो पाय पोटाकडे पूर्ण दुमडून गुडघा आत वळवला की. मांडी घालताना गुडघा बाहेर जातो, त्यामुळे बऱ्याच जणांना मांडी परत जमते, मला साधारण पाचव्या महिन्यात जमली, पंगतीत बसून जेवलो, उठताना मात्र दोघांनी हात दिला. उकिडवं बसणं जास्त कठीण. पहिले काही आठवडे तर पाय ९० अंशांच्या पुढे दुमडायचाच नसतो, म्हणून कमोडची सोय आधीच करून ठेवा, गावाला जायचं असेल तर तिथलीही. सूर्यनमस्कारातलं अश्वसंचलन हे खुब्याला दोन्हीकडून ताणतं, ते सगळ्यात शेवटी सुरू करायचं. आणि खोल सोफा, खाली बसकी कार, हे दोन शत्रू, कुणी सांगत नाही.

धोके काय आहेत?

२०१३ मध्ये ६,००० च्या वर खुब्यांचा एक आढावा आला त्यात मोठी गुंतागुंत ०.५८ टक्के आणि छोटी ७.५ टक्के होती. छोट्यांत बधिरपणा मुख्य. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा एक पोस्टकार्डएवढा तुकडा माझा चार महिने बधिर होता, खिशात फोन व्हायब्रेट झाला तरी कळायचं नाही. दुसरी नस नाजूक जागेची, कारण पाय खेचताना मांड्यांच्या मधे गादी लावलेला खांब असतो. हा बधिरपणा बहुतेकांचा काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातो, पण आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरून अर्धा होतो, आणि पुरुष तर कुणाला विचारत पण नाहीत. म्हणूनच पाय खेचून ठेवायचा वेळ दोन तासांच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो, आणि आता काही सर्जन खांबाशिवायही करतात.

मोठ्यांत रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग, सांधा निसटणं, आणि हाड जास्त घासलं तर मांडीच्या हाडाची मान मोडणं. कमी घासलं तर काय? तर दुखणं राहतं. परत ऑपरेशन करायची वेळ येते तेव्हा उंचवटा उरलेला असणं हे सगळ्यात जास्त सापडणारं कारण आहे.

इथे सर्जनचा हात फार महत्त्वाचा. न्यूयॉर्क राज्यातल्या नोंदींवरून एक अभ्यास झाला, २०१८ चा, त्यात ज्या सर्जनच्या ५१९ किंवा त्याहून जास्त केसेस झालेल्या होत्या त्यांच्या पुढच्या पेशंटना परत ऑपरेशन लागायचं प्रमाण फार कमी होतं. आपल्याकडे गुडघ्याची दुर्बीण करणारे भरपूर, खुब्याची सातत्याने करणारे थोडे, त्यामुळे "सर, तुम्ही वर्षाला किती खुबे करता?" हा प्रश्न लाजायचं कारण नाही. मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो होतो तिथे हे विचारल्यावर चिडचिड झाली, मी फाइल उचलून निघालो.

कुबड्या किती दिवस? ऑफिस, गाडी, पळणं?

साध्या केसमध्ये कुबड्या २ ते ४ आठवडे, कूर्चेसाठी हाडाला भोकं पाडली असतील (मायक्रोफ्रॅक्चर) तर ६ ते ८. व्यायामाची सायकल, बिनाजोराची, अगदी पहिल्या दिवसांतच सुरू करतात, सांधा आतून चिकटू नये म्हणून. बसून काम असेल तर ऑफिस दोन-तीन आठवड्यांत, पण दर अर्ध्या तासाला उठायचं. कार, विशेषतः उजवा खुबा असेल तर, महिना-दीड महिना. टू-व्हीलरला घाई नको, आमच्याकडचे खड्डे बघता तर अजिबातच नको. हलकं पळणं साधारण ३ ते ४ महिन्यांनी, खेळ ५-६ महिन्यांच्या आधी नाही आणि बऱ्याच जणांना ८-९ लागतात. हाडाची गाठ स्नायूत तयार होऊ नये म्हणून काही आठवडे सूज कमी करणारी गोळी देतात, ती दुखत नाही म्हणून बंद करू नका, ती दुखण्यासाठी नाहीये.

तीन महिने झाले, अजून दुखतंय. फेल गेलं का?

बहुधा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कुबड्या सुटतात, माणूस खूश होऊन जास्त चालतो आणि समोरचा सोआस स्नायू भडकतो, ही एवढी नेहमीची गोष्ट आहे की माझ्या फिजिओ ताई फोनवरच ओळखतात. सुधारणा वर्षभर होत राहते. पण सहा-आठ महिन्यांनंतरही आधीइतकंच, त्याच जागी, तशीच कळ असेल तर परत फोटो काढून बघावं लागतं. दोन-दोन वर्षं दुखणं काढून मग ऑपरेशन केलेल्यांचे निकाल जरा कमी येतात. आधीपासून डिप्रेशन असेल तरीही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, डॉक्टरांना सांगून ठेवावं.

ऑपरेशन केलं म्हणजे पुढे झीज होणार नाही ना?

असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते त्यांचं मत आहे. मोठा कॅम असलेल्यांचा खुबा लवकर झिजायचा धोका वाढतो हे नेदरलँड्सच्या अभ्यासांतून नीट दिसलंय. पण तो घासून टाकल्याने झीज थांबते हे सिद्ध झालेलं नाही. ऑस्ट्रेलियात ९९ जणांच्या ट्रायलमध्ये खास एमआरआयवर कूर्चा तपासली, वर्षभराने ऑपरेशन आणि फिजिओ यांत कूर्चेच्या बाबतीत फरक नाही, त्रास मात्र ऑपरेशनवाल्यांचा जास्त कमी झाला. वर्ष हा कूर्चेसाठी फार छोटा काळ आहे हेही खरंच. म्हणून ऑपरेशन आज दुखतंय म्हणून करा, पुढे खुबा बदलायला लागू नये म्हणून नको.

दुसऱ्या बाजूलाही उंचवटा दिसतोय, एकाच भुलीत दोन्ही करून टाकू का?

माझ्या डाव्या खुब्यात तसाच आहे, एक्सरेत उजव्यापेक्षा मोठाच दिसतो. मला ते दाखवल्यावर मी पण हेच विचारलं होतं. डॉक्टरांनी उलट विचारलं, डावीकडे दुखतं का? नाही म्हटलं. मग म्हणाले फाइल बंद करा. चौथं वर्ष सुरू आहे, अजून दुखत नाहीये, लंज मी आता त्याच पायावर मारतो.